एक कर्नल, अनेक प्रोसेसर: क्रॉस-बिल्ड करून कर्नलच्या टेस्ट चालवायच्या कशा

आर्म६४ ह्या प्रोसेसरसाठी लिनक्स कर्नलच्या टेस्ट मी माझ्या एक्स८६ लॅपटॉपवर पहिल्यांदा बिल्ड केल्या (एका प्रोसेसरच्या मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड करणं म्हणजे क्रॉस-बिल्ड), तेव्हा सगळं एका दुपारी उरकलं. बिल्ड हिरवा, टेस्ट पास, मी खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याचशा टेस्ट बिल्डच झाल्या नव्हत्या, आणि ज्या झाल्या त्या पास झाल्या होत्या माझ्याच लॅपटॉपच्या एक्स८६ कर्नलवर. जो आर्म६४ कर्नल तपासायचा होता तो बूटसुद्धा झाला नव्हता. आणि ह्या सगळ्यात एरर एकही नाही.

एरर आली की निदान शोध सुरू तरी होतो. इथल्या बऱ्याच चुका मात्र तोंडच उघडत नाहीत. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारत जा: हे बनलं कोणासाठी, आणि हे चाललं कशावर?

मी लिनक्स कर्नलबद्दल लिहितेय. तुमचं मशीन एक्स८६ आहे आणि त्यावर डेबियन किंवा त्याच घराण्यातलं डिस्ट्रो आहे असं धरलंय. मुख्य उदाहरण आर्म६४ चं, बाकीची वाटेत येतील. कमांड आणि चलांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच जातात, आणि आर्च, क्रॉस_कंपाइल, टार्गेट्स अशी मेकची चलं कॅपिटलमध्ये.

हाताशी काय हवं:

- कर्नलचा सोर्स, गिटमधून घेतलेला, कधीही बिल्ड न केलेला असेल तर उत्तम
- ज्या आर्किटेक्चरसाठी काम करायचं त्याचा क्रॉस-कंपायलर, आणि त्याच आर्किटेक्चरची सी लायब्ररी
- कर्नल बिल्ड करायला एरवी लागतं ते: मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, ओपनएसएसएल आणि लिबएल्फचे डेव्हलपमेंट पॅकेज
- क्यूएमयूची (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) सिस्टिम आवृत्ती
- त्या आर्किटेक्चरची एक छोटी रूट फाइलसिस्टिम
- डिस्कवर भरपूर जागा, कारण प्रत्येक आर्किटेक्चरचा बिल्ड वेगळा ठेवायचा आहे

## १. आधी ठरवा, कोणत्या टेस्ट?

कर्नलच्या सोर्समध्येच दोन प्रकारच्या टेस्ट येतात आणि त्यांची जातकुळी वेगळी. केयुनिट कर्नलच्या आत चालते. एखादं फंक्शन उचललं, त्याला इनपुट दिलं, उत्तर पाहिलं. ती २०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ आवृत्तीपासून आहे. केसेल्फटेस्ट म्हणजे टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स ह्या डिरेक्टरीतले यूजरस्पेसचे, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे, प्रोग्राम आणि स्क्रिप्ट. ते सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) करून कर्नलला बाहेरून डिवचतात आणि तो काय करतो ते बघतात.

तुमचं काम केयुनिटने भागत असेल तर नशीबवान आहात. टूल्स/टेस्टिंग/केयुनिटमधली केयुनिट.पाय ही स्क्रिप्ट कॉन्फिग बनवते, कर्नल बिल्ड करते, क्यूएमयूमध्ये बूट करते आणि निकालही वाचून दाखवते. रन ह्या उपकमांडला डबल-डॅश आर्च आणि डबल-डॅश क्रॉस_कंपाइल असे दोन पर्याय दिले की झालं. आर्च दिलंच नाही तर ती यूजर मोड लिनक्सवर चालते, म्हणजे तुमच्याच मशीनवर एका साध्या प्रोसेससारखी. हे झटपट होतं, पण दुसऱ्या प्रोसेसरबद्दल त्यातून काही कळत नाही.

इथे एक युक्ती सांगून ठेवते. आर्चमध्ये एस३९० देऊन केयुनिट एकदा चालवा. आयबीएम मेनफ्रेमचं हे आर्किटेक्चर बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा सगळ्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतं, त्यामुळे बाइटच्या क्रमाबद्दल तुमच्या कोडने जे काही गृहीत धरलं असेल ते तिथे उघडं पडतं. बिग-एंडियन मशीन मिळवायचा याहून स्वस्त मार्ग मला सापडलेला नाही.

लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट हा तिसरा पर्याय. तो कर्नलच्या सोर्सबाहेरचा स्वतंत्र प्रकल्प आहे, आणि त्याचं क्रॉस-बिल्ड नेहमीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला होस्टचं नाव देऊन होतं. इथून पुढे मात्र फक्त केसेल्फटेस्ट, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

## २. एकाच प्रोसेसरची तीन नावं

कर्नल, कंपायलर आणि क्यूएमयू ह्या तिघांनी एकाच प्रोसेसरचं बारसं वेगवेगळं केलंय. हे एकदा लिहून भिंतीवर चिकटवा:

- कर्नलचं आर्म६४, कंपायलरचा उपसर्ग एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-, क्यूएमयूचं एआर्च६४
- कर्नलचं रिस्कव्ही, कंपायलरचा रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू-, क्यूएमयूचं रिस्कव्ही६४
- कर्नलचं पॉवरपीसी, कंपायलरचा पॉवरपीसी६४एलई-लिनक्स-जीएनयू-, क्यूएमयूचं पीपीसी६४
- कर्नलचं एस३९०, कंपायलरचा एस३९०एक्स-लिनक्स-जीएनयू-, क्यूएमयूचं एस३९०एक्स

मेकच्या आर्च चलात कर्नलचं नाव जातं, क्रॉस_कंपाइलमध्ये कंपायलरचा उपसर्ग. उपसर्गाच्या शेवटची आडवी रेघ विसरलात तर मेक 'जीएनयूजीसीसी' असल्या नावाचा कंपायलर शोधत फिरतं. ही चूक लगेच दिसते, त्यामुळे ती परवडली.

न दिसणारी चूक वेगळी आहे. क्रॉस_कंपाइल दिलं आणि आर्च विसरलात, तर आर्म६४ च्या खास टेस्टची मेकफाइल यूनेम ह्या कमांडला विचारते, 'हे मशीन कुठलं?' उत्तर येतं एक्स८६. मग ती ठरवते की आपलं इथे काही काम नाही, काहीच बिल्ड करत नाही आणि यशस्वी म्हणून परत येते. माझ्या त्या पहिल्या हिरव्या बिल्डमध्ये हे महाशय होतेच. तेव्हापासून मी दोन्ही चलं कधी हाताने टाइप करत नाही. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी चार ओळींची एक शेल स्क्रिप्ट ठेवलीय आणि सगळे मेक तिच्यातूनच जातात.

## ३. टूलचेन: कर्नलला पुरतो तो टेस्टला पुरेलच असं नाही

कर्नल.ऑर्गवर जवळजवळ प्रत्येक आर्किटेक्चरचे तयार क्रॉस-कंपायलर मिळतात. कर्नल बिल्ड करायला ते उत्तम, पण त्यांच्यासोबत सी लायब्ररी येत नाही. कर्नलला ती लागतच नाही. टेस्ट मात्र साधे यूजरस्पेस प्रोग्राम आहेत, त्यांना लागते. परिणाम असा की कर्नल छान बनतो आणि पहिल्याच टेस्टला 'एसटीडीआयओ.एच सापडत नाही' अशी तक्रार येते. नवखा माणूस मग कर्नलच्या हेडरमध्ये दिवसभर शोधत बसतो.

म्हणून डिस्ट्रोचाच क्रॉस-कंपायलर घ्या. डेबियनवर क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ हे पॅकेज कंपायलर आणि सी लायब्ररी दोन्ही आणतं. नुसतं जीसीसी कंपायलरचं क्रॉस पॅकेज घेताना 'शिफारस केलेली पॅकेजेस नकोत' असा पर्याय दिला असेल तर लायब्ररी मागे राहते आणि पुन्हा तोच एसटीडीआयओचा रडगाणा सुरू होतो. कंटेनरच्या इमेजमध्ये हा पर्याय सवयीने दिलेला असतो, तिथे खास बघा.

दुसरा सापळा: एक्स८६ च्या ३२-बिट टेस्टना जीसीसी-मल्टिलिब लागतं, आणि ते पॅकेज क्रॉस-कंपायलरच्या पॅकेजांशी भांडतं. एक बसवायला गेलात की ॲप्ट दुसरं काढायला निघतं, आणि आपण न वाचता 'हो' म्हणतो. दोन्ही हवे असतील तर एकाला कंटेनरमध्ये घर द्या. टक्समेकसारखं साधन हे कंटेनर स्वतःच सांभाळतं. तरी पहिली एक-दोन आर्किटेक्चर हाताने करून बघा असं मी म्हणेन, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

जीसीसीऐवजी क्लँग हा कंपायलर वापरणाऱ्यांना जरा सोपं जातं. एकच क्लँग सगळ्या आर्किटेक्चरसाठी कोड काढतो, एलएलव्हीएम=१ आणि आर्च दिलं की पुरतं. लक्ष्य आर्किटेक्चरची सी लायब्ररी मात्र त्यालाही लागतेच.

## ४. प्रत्येकाला वेगळी खोली

आर्म६४, रिस्कव्ही आणि एक्स८६ चे बिल्ड एकाच सोर्स डिरेक्टरीत करू नका. मेकला ओ हे चल देऊन प्रत्येकाचं आउटपुट वेगळ्या डिरेक्टरीत पाठवा, आणि पाथ पूर्ण द्या, मुळापासून. टेस्टचा मेक दुसऱ्या डिरेक्टरीत शिरून चालतो, त्यामुळे अर्धवट पाथचा अर्थ तिथे वेगळा लागू शकतो.

सोर्समध्ये आधी कधी थेट बिल्ड केलं असेल तर ओ देताच 'सोर्स ट्री स्वच्छ नाही, एमआरप्रॉपर चालवा' अशा अर्थाची तक्रार येते. चालवा, पण त्याआधी डॉट-कॉन्फिग ही कर्नलच्या पर्यायांची फाइल दुसरीकडे कॉपी करा. एमआरप्रॉपर तीही पुसतं.

हा नियम मोडला तर काय होतं? मेक तारखा बघतो, आर्किटेक्चर बघत नाही. काल एक्स८६ साठी बनलेली बायनरी त्याला आजही ताजीच वाटते आणि तो तिला हात लावत नाही. मग आर्म६४ वर ती चालवताना 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. ही तरी बोलकी एरर म्हणायची.

## ५. कॉन्फिग आणि कर्नल

प्रत्येक टेस्ट डिरेक्टरीत बहुधा कॉन्फिग नावाची एक छोटी फाइल असते. ह्या टेस्टना कर्नलमध्ये काय चालू हवं त्याची ती यादी. आधी त्या आर्किटेक्चरचं डेफकॉन्फिग (ठरलेलं मूळ कॉन्फिग) करा, मग केसेल्फटेस्ट-मर्ज चालवा. ते सगळ्या डिरेक्टरींच्या याद्या तुमच्या डॉट-कॉन्फिगमध्ये मिसळतं. एखाद्याच डिरेक्टरीशी काम असेल तर स्क्रिप्ट्स/केकॉन्फिगमधली मर्ज_कॉन्फिग.एसएच घेऊन तेवढीच यादी मिसळा. कर्नल आटोपशीर राहतो. ही स्क्रिप्ट आर्चची किंमत एन्व्हायरनमेंटमधून घेते. तिथे आर्च नसेल तर ती तुमच्या सुंदर आर्म६४ कॉन्फिगला एक्स८६ समजून चाळते आणि अर्धे पर्याय गाळून टाकते.

मिसळून झाल्यावर ती जे इशारे छापते ते वाचा. 'हा पर्याय मागितला होता, पण शेवटच्या कॉन्फिगमध्ये नाही' अशा अर्थाची ओळ दिसली तर एखादं अवलंबन अपुरं आहे, किंवा तो पर्याय ह्या आर्किटेक्चरला मुळात नाहीच. त्या टेस्ट पुढे स्किप होणार, हे आत्ताच वहीत टिपून ठेवा.

पॉवरबद्दल एक वेगळी सूचना. हा प्रोसेसर दोन्ही बाइट-क्रमांत चालतो, त्यामुळे नुसतं डेफकॉन्फिग न म्हणता पीपीसी६४एलई_डेफकॉन्फिग असं नावाने मागा. नाहीतर कर्नल बिग-एंडियन आणि टेस्ट लिटल-एंडियन अशी वरात निघते.

मग कर्नल बिल्ड करा. आर्म६४ आणि रिस्कव्हीला बूट डिरेक्टरीत इमेज नावाची फाइल मिळते, एक्स८६ आणि एस३९० ला बीझेडइमेज.

## ६. टेस्ट बिल्ड करा, आणि मेकला खरं बोलायला लावा

टेस्टच्या आधी मेक हेडर्स. टेस्टना ह्याच कर्नलचे यूजरस्पेस हेडर हवे असतात. ते नसतील तर कंपायलर सिस्टिमचे जुने हेडर उचलतो, आणि नव्या सिस्टिम कॉलचे स्थिरांक सापडत नाहीत म्हणून ओरडतो. किंवा ओरडत नाही: टेस्टमध्ये 'हेडरमध्ये नसेल तर टेस्ट गाळ' अशी अट असते आणि ती मुकाट गळते.

आता मेकला डॅश-सी देऊन सेल्फटेस्टच्या डिरेक्टरीत पाठवा, आर्च, क्रॉस_कंपाइल आणि ओ द्या, आणि टार्गेट्समध्ये हव्या त्या डिरेक्टरींची नावं. टार्गेट्स न दिल्यास सगळं बिल्ड व्हायला लागतं. पहिल्या दिवशी हा मोह टाळा. माझा क्रम असा: आधी साइझ, मग फ्युटेक्स आणि टायमर्स, मग आर्म६४, त्यानंतर एमएम (मेमरी व्यवस्थापनाच्या टेस्ट), आणि नेट सगळ्यात शेवटी. साइझमध्ये एकच इवलासा प्रोग्राम आहे आणि तो स्टॅटिक लिंक होतो. तो बनला, तिकडे पोचला आणि चालला, की तुमची पूर्ण साखळी जोडली गेली. एमएमच्या टेस्ट जुन्या सोर्समध्ये व्हीएम नावाच्या डिरेक्टरीत सापडतील; २०२३ मध्ये ते नाव बदललं.

आता ह्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द: फोर्स_टार्गेट्स. केसेल्फटेस्टची मेकफाइल सवयीने इतकी उदार आहे की दिलेल्यांपैकी एक जरी डिरेक्टरी बिल्ड झाली तरी ती अख्खा बिल्ड यशस्वी म्हणून सांगते. वीसपैकी एकोणीस पडल्या तरी परतीचा कोड शून्य. हेतू वाईट नाही, कारण सगळ्या टेस्ट सगळीकडे बिल्ड होणं शक्यच नसतं. पण ऑटोमेशनमध्ये असाच बिल्ड लावला तर तो कायम हिरवा दिसतो. फोर्स_टार्गेट्स=१ द्या म्हणजे एक पडली तरी मेक थांबतो. ज्या खरोखर नकोत त्यांची नावं स्किप_टार्गेट्समध्ये स्वतःच्या हाताने लिहा. बीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) तिथे आधीपासूनच असतं, आणि नवख्या माणसाने ते तिथेच राहू द्यावं. त्याला क्लँग, पहोल हे साधन, बीटीएफ ही टाइपची माहिती आणि बराचसा संयम लागतो.

अजून एक. वरच्या पातळीवरून मेक केसेल्फटेस्ट म्हटलंत तर ते बिल्ड करून लगेच चालवायलाही घेतं, आणि तेही तुमच्याच मशीनवर. क्रॉस-बिल्डमध्ये ते नकोय. फक्त बिल्डसाठी केसेल्फटेस्ट-ऑल आहे.

## ७. लायब्रऱ्यांचा जांगडगुत्ता

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. एमएमला लिबकॅप आणि लिबन्यूमा हवी, नेटला लिबएमएनएल, ऑडिओच्या टेस्टना अल्सा. आणि ह्या सगळ्या लक्ष्य आर्किटेक्चरच्या हव्यात, तुमच्या मशीनच्या नाही.

डेबियनवर डीपीकेजीला आर्म६४ हे जादा आर्किटेक्चर जोडा, ॲप्ट अपडेट करा, आणि पॅकेजच्या नावापुढे कोलन आर्म६४ लावून बसवा. दोन्ही आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

पण लायब्ररी बसवूनही ती 'सापडत नाही' असं होतं. कारण बहुधा पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ररीचा पत्ता सांगणारं साधन. मेकफाइल विचारते 'अमुक लायब्ररी कुठे आहे', आणि उत्तर देतं तुमच्या मशीनचं पीकेजी-कॉन्फिग, ज्याला एक्स८६ पलीकडचं जग ठाऊक नाही. त्याला पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर ह्या चलातून लक्ष्य आर्किटेक्चरची डिरेक्टरी दाखवा, नाहीतर एआर्च६४ उपसर्गाचं पीकेजी-कॉन्फिगच वापरायला लावा. एखादी डिरेक्टरी तरीही ऐकत नसेल तर तिची मेकफाइल उघडून वाचा. कंपायलरचं नाव थेट 'जीसीसी' असं लिहून ठेवलेलं सापडतं कधीकधी. सापडलं तर अभिनंदन, तुमचा पहिला पॅच तयार आहे.

## ८. बांधा, आणि पेटी उघडून बघा

इन्स्टॉल_पाथ देऊन इन्स्टॉल चालवा. सगळ्या बायनरी, स्क्रिप्ट, त्यांच्या सेटिंग्जच्या फाइली आणि रन_केसेल्फटेस्ट.एसएच एका जागी गोळा होतात. जेन_टार म्हटलंत तर थेट टारबॉल.

पाठवण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. फाइल ही कमांड सगळ्या बायनरींवर फिरवा. प्रत्येकीपुढे एआर्च६४ दिसायला हवं. एखादी एक्स८६ ची पाहुणी घुसली असेल तर ती इथेच सापडते. मग केसेल्फटेस्ट-लिस्ट.टीएक्सटी उघडा आणि ओळी मोजा. ह्याच टार्गेट्सचा एक्स८६ साठी बिल्ड केला तर किती ओळी येतात, त्याच्याशी ताडून बघा. मोठा फरक पडला तर बिल्डचा लॉग पुन्हा वाचायची वेळ आलीय. आकडे जुळायलाच हवेत असं नाही, पण फरक का पडला ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

## ९. बूट करा: खरा कर्नल, खोटा प्रोसेसर

क्यूएमयू दोन रूपांत येतो, आणि माझी फजिती इथेच झाली. यूजर मोड क्यूएमयू एका बायनरीतल्या आर्म६४ कोडचं भाषांतर करतो आणि तिचे सिस्टिम कॉल थेट तुमच्या मशीनच्या कर्नलला पोचवतो. बिनएफएमटीची सोय (परकी बायनरी आपोआप क्यूएमयूकडे सोपवणारी) चालू असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही: डॉट-स्लॅश करून आर्म६४ ची बायनरी चालवली की ती चालतेच. टेस्ट पास होतात, पण तपासला जातो होस्टचा कर्नल आणि क्यूएमयूचा दुभाषा. यूनेम डॅश-एमने मला एआर्च६४ असंच सांगितलं होतं, म्हणून शंका आली नाही. डॅश-आर विचारलं तेव्हा लॅपटॉपच्या कर्नलची आवृत्ती समोर आली. आता प्रत्येक लॉगच्या पहिल्या ओळीत मी दोन्ही छापते.

आपल्याला हवा तो सिस्टिम मोड, जो अख्खं मशीन उभं करतो. आर्म६४ साठी मशीन व्हर्ट घ्या, सीपीयू मॅक्स, दोन किंवा चार कोर, दोन जीबी मेमरी, डॅश-नोग्राफिक, डॅश-कर्नलला तुमची इमेज, आणि रूट फाइलसिस्टिम व्हर्टआयओ डिस्क म्हणून.

सीपीयूचा पर्याय गाळू नका. व्हर्ट मशीनचा ठरलेला सीपीयू कॉर्टेक्स-ए१५ आहे, आणि तो ३२-बिट आहे! ६४-बिट कर्नल त्यावर चालूच शकत नाही, आणि समोर दिसतो नुसता काळा पडदा.

काळ्या पडद्याचं दुसरं कारण कन्सोल. कर्नलच्या कमांडलाइनमध्ये आर्म६४ ला कन्सोल टीटीवाय-एएमए-०, एक्स८६ आणि रिस्कव्हीला टीटीवाय-एस-०, पॉवरच्या पीसिरीज मशीनला एचव्हीसी-०. चुकीचा दिलात तर कर्नल बूट होतो, टेस्टही चालतात, फक्त तुम्हाला काही ऐकू येत नाही. अडकलात तर कंट्रोल-ए दाबून मग एक्स. नोग्राफिकमधून बाहेर पडायची हीच वाट.

मेमरी टॅगिंगच्या टेस्ट चालवायच्या असतील तर मशीनच्या पर्यायात एमटीई=ऑन जोडा. नाहीतर त्या स्किप होतात.

रूट फाइलसिस्टिमसाठी मी बिल्डरूट हे ती बनवून देणारं साधन सुचवेन. त्यात क्यूएमयू_एआर्च६४_व्हर्ट_डेफकॉन्फिग तयार आहे. नुसत्या बिझीबॉक्सवर (छोट्या कमांडांचा एकत्र संच) भागवायला जाऊ नका. बऱ्याच टेस्ट बॅश स्क्रिप्ट आहेत, आणि बॅश नाही म्हणून पडलेल्या टेस्टचा दोष कर्नलवर येतो.

आत गेल्यावर हमखास भेटणाऱ्या दोन तक्रारी. फाइल डोळ्यांसमोर आहे, चालवायला गेलं की 'अशी फाइल नाही'. इथे हरवलीय ती बायनरीला लागणारी डायनॅमिक लोडरची फाइल, आर्म६४ साठी एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१. दुसरी, 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' असल्या धाटणीची: तुमच्या क्रॉस-कंपायलरची सी लायब्ररी पाहुण्या सिस्टिमपेक्षा नवी आहे. दोन्हींवर उपाय एकच, कंपायलर आणि रूट फाइलसिस्टिम एकाच घरचे घ्या. दोन्ही एकाच डेबियन आवृत्तीचे, किंवा दोन्ही बिल्डरूटचे.

## १०. निकाल वाचताना

रन_केसेल्फटेस्टला डॅश-सीने एखादा संच देता येतो, डॅश-टीने एकच टेस्ट, डॅश-एलने यादी. निकालाच्या ओळी 'ओके' किंवा 'नॉट ओके' अशा सुरू होतात.

स्किप झालेली टेस्टसुद्धा 'ओके' म्हणूनच छापली जाते. फरक फक्त ओळीच्या शेवटी, हॅश आणि स्किप. ग्रेप करून ओके मोजलेत तर न चाललेल्या टेस्टही पास झालेल्यांत जमा होतात. आतून परतीचे कोड वेगळे आहेत, पासचा ०, फेलचा १, स्किपचा ४. मी पास, फेल आणि स्किप असे तीन आकडे नेहमी वेगळे मांडते आणि प्रत्येक स्किपचं कारण शोधते. बहुतेक वेळा पाचव्या पायरीत टिपलेली कॉन्फिगची यादी तिथे उत्तर देते.

टाइमआउटचा ठरलेला आकडा ४५ सेकंद आहे, एखाद्या डिरेक्टरीच्या सेटिंग्ज फाइलमध्ये वेगळा असेल तर तो. परक्या प्रोसेसरची नक्कल करताना क्यूएमयू प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित करतो, केव्हीएमचा (खरा प्रोसेसर थेट वापरणाऱ्या सोयीचा) वेग तिथे मिळत नाही. त्यामुळे खऱ्या मशीनवर दहा सेकंदांत संपणारी टेस्ट इथे टाइमआउट होऊ शकते. डबल-डॅश ओव्हरराइड-टाइमआउट देऊन मर्यादा वाढवा आणि पुन्हा चालवा. वेळेचं अचूक मोजमाप करणाऱ्या टेस्ट नकली प्रोसेसरवर पडल्या तर त्यावर लगेच बग नोंदवू नका.

## ११. चूक टेस्टचीच असेल तर

टेस्ट लिहिणाऱ्याकडे बहुधा एक्स८६ असतं. त्यामुळे दुसऱ्या आर्किटेक्चरवर पडलेल्या टेस्टमध्ये कर्नल निर्दोष असण्याची शक्यता बरीच. माझा आवडता नमुना बघा. मेन फंक्शनमध्ये एक कॅर प्रकारचं चल, त्यात गेटऑप्टचं (कमांडलाइनचे पर्याय वाचणारं फंक्शन) उत्तर साठवलंय, आणि ते उणे एक होईपर्यंत व्हाइल लूप. एक्स८६ वर निर्धोक चालतं. आर्म६४ वर टेस्ट सुरू होते आणि कायमची लटकते. कारण एक्स८६ वर कॅर चिन्हासकट असतो, तर आर्म, पॉवर, एस३९० आणि रिस्कव्हीवर चिन्हाविना. उणे एक त्यात ठेवलं की २५५ होतं, आणि २५५ कधीच उणे एक होत नाही. दुरुस्ती एका शब्दाची, कॅरच्या जागी इंट. मी मात्र त्या दिवशी शेड्यूलरवर संशय घेऊन तीन तास घालवले.

बाकीचे नेहमीचे संशयित:

- मेमरीच्या पानाचा आकार ४०९६ असा थेट लिहिलेला. आर्म६४ चा कर्नल ६४ केबीच्या पानांवरही बनतो; तिथे ४०९६ पुढे सरकून मुनमॅप (मेमरी परत करणं) केलं की ईइनव्हॅल ही एरर मिळते. आकार सिसकॉन्फ ह्या फंक्शनला विचारायचा. हे तपासायला ६४ केबी पानांचा एक वेगळा बिल्ड ठेवाच.
- सिस्टिम कॉलचा आकडा थेट लिहिलेला. राइटचा क्रमांक एक्स८६-६४ वर १, आर्म६४ वर ६४, पॉवर आणि एस३९० वर ४.
- जुने सिस्टिम कॉल. आर्म६४ आणि रिस्कव्हीच्या यादीत ओपन, फोर्क, पाइप हे नाहीतच. ओपनॲट, क्लोन, पाइप२ आहेत. सी लायब्ररीतून बोलावलं तर ती सांभाळून घेते, पण थेट सिसकॉल केला तर बिल्ड पडतो.
- लाँगच्या पत्त्याकडे इंट म्हणून बघणं. लिटल-एंडियनवर लहान आकडा बरोबर वाचला जातो, एस३९० वर शून्य हाती येतो.

क्यूएमयूची एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. आर्म आणि पॉवरवर मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम एक्स८६ पेक्षा सैल असतो. एक्स८६ मशीनवर नक्कल करताना खालचा खरा प्रोसेसर कडक शिस्तीचाच राहतो, त्यामुळे क्रम पक्का करणारी सूचना, म्हणजे बॅरियर, विसरल्यामुळे होणारे बग तिथे बहुधा उमटत नाहीत. लॉकिंग किंवा लॉकविना लिहिलेल्या कोडला हात घातला असेल तर खऱ्या बोर्डावर चालवल्याशिवाय 'आर्म६४ वर तपासलं' असं लिहू नका.

बोर्ड नसेल तर तसं पॅचच्या पत्रात सरळ सांगावं: कोणतं आर्किटेक्चर नुसतं बिल्ड केलं, कोणतं क्यूएमयूत चालवलं, कंपायलर कुठला, पान केवढं, स्किप किती आणि का. मेंटेनरकडे बहुधा बोर्ड असतो, तो उरलेलं चालवून बघतो.